विठू मिल्ट्रीचा कोट रडतो

श्रावणातल्या शनिवारी टेमघरात रांग लागते ती मारुतीच्या देवळापुढे, हातात तेलाची वाटी घेऊन. यंदा ती रांग देवळाला वळसा घालून थेट रंगूबाईच्या पडवीत शिरली. पडवीत खुंटीला एक जाडजूड हिरवट लोकरी कोट टांगला होता. पितळी बटणांचा, गळ्यात झेंडूची माळ घातलेला. त्याच्या डाव्या खिशाच्या टोकाशी एक थेंब जमायचा, लोंबायचा आणि खालच्या तांब्यात टप्पकन पडायचा. थेंब पडला की रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

"पडला बघ."

"कोटाला डोळे कुठं असतात गं? पाणी येतं कुठून?"

"काळजातून. खिसा कुठं असतो? काळजावरच ना."

शरीरशास्त्राचा एवढा खोल अभ्यास ऐकून मी तेलाची वाटी सावरत पुढे सरकलो. मी देवभोळा माणूस. कीर्तन म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, बुवांनी नुसता टाळ वाजवला तरी माझे डोळे भरून येतात. त्यामुळे रडणाऱ्या कोटाला हसायचा मला काहीच अधिकार नव्हता. पण तांब्यापाशी पोचलो तेव्हा रंगूबाईचा पुतण्या मितेश तांब्यात बोट बुडवून ते जिभेला लावत होता आणि मोठ्याने जाहीर करत होता, "खारट हाय. अश्रूच हायत. कोणी बी चाखून बघा."

कोणी कोणी चाखलंही. श्रद्धेपुढे माणूस काय काय चाखतो, त्याला हिशोब नाही.

कोट होता रंगूबाईच्या नवऱ्याचा. विठू टेमघरातून पलटणीत गेला, एकाहत्तरची लढाई बघून परत आला आणि गावाने त्याचं आडनाव कायमचं बदलून टाकलं, विठू मिल्ट्री. पुढे तो मजीदशेठच्या पॉवरलूमच्या कारखान्यात पहारेकरी झाला. रंगूबाई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. काही वर्षांपूर्वी विठू गेला. मूल नव्हतं. मागे उरला तो हा कोट.

रंगूबाईने त्याची काळजी घ्यायची ती मनापासून घेतली. कारखान्यातलं काम सोडताना लूमवरून उतरलेलं कोरं पांढरं कापड मागून आणलं आणि त्यात कोट गुंडाळला. वरून कापडाचा ताका बांधायचा जाड प्लास्टिक कागद लपेटला, वारा शिरू नये म्हणून चिकटपट्टी मारली आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिला. आमच्या भिवंडीत माल असाच बांधतात. माल गोदामात आठवडाभर राहतो, कोट वर्षानुवर्षं राहिला, एवढाच फरक.

यंदा आषाढात ट्रंक उघडली तेव्हा कोटावर पांढरी भुकटी पसरलेली. रंगूबाई घाबरली. मितेश मात्र धावत अंबाडीला गेला आणि आपल्या गुरूंना घेऊन आला. गुरूंचं नाव भाविकनाथ. पिवळा झुब्बा, कपाळाला बोटभर गंध, आणि बोलणं असं की निम्मं हिंदी, निम्मं मराठी आणि उरलेलं कोणाचंच नाही.

"बच्चा, ये धूळ नहीं," त्यांनी भुकटी चिमटीत धरली. "ये विभूती फुटली आहे. वर्दी उतरते, फौजी उतरत नाही. मरणाऱ्याचा जीव त्याच्या प्यारा वस्त्राच्या सातव्या धाग्यात जाऊन बसतो."

जमलेली निम्मी माणसं लूमवर काम केलेली. त्यांतल्या एकाने प्रामाणिकपणे विचारलं, "महाराज, उभ्या ताण्याच्या सातव्या का आडव्या बाण्याच्या?"

भाविकनाथांनी डोळे मिटले. "जो दिसत नाही, त्या धाग्याच्या."

आणि मग त्यांनी झोळीतून पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी काढली, मंत्र पुटपुटला आणि कोटाच्या डाव्या खिशात ठेवली. "रक्षा आहे. हात लावायचा नाही. फौजी बोलायला लागेल."

फौजी बोलला नाही. संध्याकाळपर्यंत रडायला लागला.

त्या दिवसापासून भाविकनाथ रोज सकाळी येत, पडवीत पेटवलेल्या धुनीपाशी कोट धरत, जुनी पुरचुंडी काढून नवी ठेवत. सकाळभर कोट शांत. दुपार उतरली की थेंब सुरू. आठवडाभरात बटणांवर हिरवट पुट चढलं. ते विष होतं म्हणे, फौजीने गिळलेल्या अपमानाचं. रांग वाढत गेली.

मला रांगेचं काही वाटलं नाही. माणसं रांगेत उभी राहिली म्हणून कोणाचं नुकसान होत नाही, पायच दुखतात. पण रंगूबाईकडे बघवत नव्हतं. ती कोटाच्या बाजूला पाटावर बसून असायची, कोणाशी बोलायची नाही. मी म्हटलं, "वहिनी, आत जा, आडव्या व्हा."

"कशी जाऊ, भावजी? तो रडतोय न मी झोपू?" मग हळूच म्हणाली, "जिवंत होता तवा कदी रडला न्हाय. लढाईचं सांगायचा तवा बी न्हाय. आता माज्या घरात रडतोय. माजं काय चुकलं, तेवढं कोणी सांगा."

भाविकनाथांनी तेही सांगून टाकलं. "माई, तुमची चूक नाही. त्याला या घरात घुसमट होते. त्याला दरबारात यायचं आहे." दरबार म्हणजे अंबाडीच्या नाक्यावरची त्यांची पत्र्याची शेड. रडता कोट तिथे टांगला की वज्रेश्वरीला जाणारी अर्धी गर्दी आधी तिथे उतरणार, हे सांगायला दिव्यदृष्टी लागत नव्हती. ठरलं असं, की श्रावणाच्या शेवटच्या शनिवारी देवळात कीर्तन झालं की कोट पालखीतून अंबाडीला जाईल.

रंगूबाई हो म्हणाली. "माज्याजवळ तो सुखी नसंल तर मी त्याला धरून काय करू," एवढंच बोलली आणि खुंटीकडे पाठ करून बसली.

मजीदशेठची मुलगी मदीहा आली ती या बातमीवर. मदीहा हायस्कूलला विज्ञान शिकवते. लहानपणी ती कारखान्यात रिकाम्या कांड्यांच्या पेटीत बसून खेळायची, आणि तिच्याकडे लक्ष ठेवायला रंगूबाई असायची. आल्या आल्या ती रंगूबाईच्या गळ्यात पडली, मग कोटापाशी गेली आणि वाकून त्याचा वास घेतला.

"ताई, हाथ मत लगाओ," भाविकनाथ म्हणाले.

"हात नाही लावत, नाक लावतेय. बाबा, हा सकाळी का रडत नाही?"

"सकाळी फौजीची ड्युटी असते."

लोकांनी माना डोलावल्या. ड्युटी म्हटल्यावर कोण काय बोलणार.

"आणि रविवारी?"

"फौजीला रविवार नसतो, बेटी."

"हं," मदीहा म्हणाली. "आमच्या शाळेत असतो. मावशी, ही पुरचुंडी खिशात ठेवायच्या आधी कोट रडायचा का गं?"

रंगूबाईने आठवून बघितलं. "आदी नुसती विभूती होती."

 मला वाटलं, आता मदीहा वाद घालेल, बाबांना फैलावर घेईल. पण तिने बाबांना चहा विचारला, रंगूबाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडली. जाताना मितेशच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "चल रे, कोपऱ्यावर कटिंग पाज." मीही मागे गेलो. फुकटचा चहा आणि फुकटचं कीर्तन मी सोडत नाही.

मितेश हायवेच्या कडेच्या एका गोदामात कामाला. परदेशी जाणारे बूट पेट्यांत भरायचे, पेट्या कंटेनरमध्ये लावायच्या.

"मितेश, बूट समुद्रातून जाताना ओले होत नाहीत का रे?" मदीहाने बशीत चहा ओतत विचारलं.

"न्हाय ना. आम्ही आत थैल्या लटकवतो. सुकी पावडर असते. हवेतलं पाणी खेचते, पोचेपर्यंत तिचं पाणी होऊन जातं. थैली मजबूत असते, गळत न्हाय."

"आणि थैली फोडून ती पावडर साध्या फडक्यात बांधली तर?"

"तर मग गळलंच की, टप टप..."

मितेशचा हात कपापाशीच थांबला. मी मात्र तिथेच बसून कोडं सोडवत राहिलो. माझं गणित नेहमी सावकाश.

"तुझे हे गुरू आधी काय करायचे?" मदीहाने सहज विचारलं.

"आमच्याच लायनीतल्या गोदामात पॅकिंगला होते, म्हणतात." मितेश खाली बघत होता. "तिथंच साक्षात्कार झाला त्यांना."

"कुठे, नेमका?"

"कंटेनरमध्ये."

मदीहा हसली नाही. तिची ही गोष्ट मला फार आवडली. "हे बघ, माझं चुकतही असेल. करून बघितल्याशिवाय मी कोणालाच खोटं म्हणत नाही. एखादी थैली मिळेल का? मागून आण, उचलून नको. आणि बाबांनी तुला प्रसाद म्हणून झुब्बा दिलाय ना, तो हवा."

"गुरूचं वस्त्र?" मितेश कळवळला.

"धुऊन परत देईन."

शनिवारच्या कीर्तनाला तुळजाताई यायच्या होत्या. तुळजाताईंचं कीर्तन म्हणजे काय सांगावं. आवाज असा, की पखवाजवाला वाजवायचा विसरतो. त्या सकाळीच देवळात आल्या. मदीहाने सगळं सांगितलं आणि संकोचून म्हणाली, "ताई, देवळात, तेही मी हे करणं बरं दिसेल का? लोक म्हणतील, ही कोण आली आमच्या देवाचं बघायला."

तुळजाताई वीणेच्या तारा जुळवत होत्या. "अगं, देवाचं कुठे बघतेयस? बाबाचं बघतेयस. ते दोन वेगळे आहेत, हेच तर मी जन्मभर गातेय. टांग तो झुब्बा माझ्या पाठीमागे."

मदीहाने थैलीतली पावडर फडक्यात बांधून पिवळ्या झुब्ब्याच्या खिशात ठेवली आणि झुब्बा खुंटीला लावला. शेजारी तिच्या वडिलांचा एक सदरा, त्याच्या खिशात तसंच फडकं, पण आत बारीक वाळू. दोन्हीच्या खाली एकेक वाटी. मग सभामंडपाला कडी लावून आम्ही घरी गेलो.

संध्याकाळी सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यभागी पालखी, पालखीत तो कोट, शेजारी रंगूबाई. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, मुलीची पाठवणी असावी तसं. भाविकनाथ पुढे खुर्चीवर. पूर्वरंगात तुळजाताईंनी भक्ती आणि भाबडेपणा यांतला फरक सांगितला. म्हणाल्या, आई लेकराला घास भरवण्याआधी तो आपल्या ओठाला लावून बघते, गरम तर नाही ना. त्याला कोणी आईचा अविश्वास म्हणतं का? मी टाळ वाजवता वाजवता रडत होतो. माझ्या खिशात काही नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

उत्तररंगाला त्यांनी कथा सुरू केली नाही. मागे वळून म्हणाल्या, "मंडळी, आज कथा इथे टांगलेली आहे."

त्या बाजूला सरकल्या तसं सगळ्यांनी खुंटीकडे बघितलं. पिवळ्या झुब्ब्याचा खिसा चिंब झाला होता. थेंब जमला, लोंबला आणि वाटीत पडला. शेजारचा सदरा कोरडा ठणठणीत.

"झुब्बा कोणाचा?" तुळजाताईंनी विचारलं.

मितेश उभा राहिला. "बाबांचा हाय. मला प्रसाद दिला होता."

मंडपात कुजबुज उठली. भाविकनाथ मुरलेले गडी. त्यांनी दोन्ही हात वर केले. "देखा? देखा? वर्दीचं दुःख बघून माझं वस्त्रही द्रवलं. ये मेरी करुणा आहे."

चार-दोन हात जोडलेही गेले. मला वाटलं, झालं, बाजी उलटली. तेवढ्यात पालखीपासून आवाज आला. इतके दिवस ज्या बाईने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, तिचा.

"बाबा," रंगूबाई म्हणाली, "तुमी म्हणलात, मेलेल्याचा जीव धाग्यात बसतो न मग कपडा रडतो."

"हां, माई."

"तुमी तर खुर्चीवर बसलेत."

मंडपात पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. भाविकनाथ म्हणाले, "मी योगी. जिवंतपणीच मेलेलो आहे."

"मग खुर्ची सोडा, महाराज," तुळजाताई म्हणाल्या. "इथे जिवंत माणसं केव्हाची उभी आहेत."

त्यानंतरचं हसू आवरायला मला टाळ वाजवावे लागले. हसू ओसरल्यावर मदीहा पुढे आली. हातात पितळी ताट, ताटात पांढरी पावडर.

"हे मितेशने गोदामातून मागून आणलं. याला कॅल्शियम क्लोराइड म्हणतात. मिठाचाच भाऊबंद. पावसाळ्यात तुमच्या बरणीतलं खडेमीठ ओलं होतं ना, तसंच, पण हा फार हावरट. हवेतलं पाणी पितो, इतकं पितो की स्वतःच विरघळतो. फडक्यात बांधला की झिरपतो. म्हणून थेंब, म्हणून खारट. सकाळी नवी कोरडी पुरचुंडी ठेवली की दुपारपर्यंत थेंब नाहीत. ती फौजीची ड्युटी नव्हती, पावडरची होती. पितळाला हे पाणी लागलं की हिरवं पुट चढतं. आणि कृपा करून कोणी चाखू नका, जीभ चरचरेल."

चाखलेल्या मंडळींनी हळूच तोंडं पुसली.

"आन् विभूती?" मागून कोणीतरी विचारलं. "ती तर बाबा यायच्या आदीच होती."

"ती खरी होती," मदीहा म्हणाली. "म्हणजे बुरशी खरी होती." तिने पिशवीतून कोऱ्या कापडाचा तुकडा काढला, कोट ज्यात गुंडाळला होता त्यातलाच, आणि त्यावर बाटलीतून आयोडीनचा थेंब टाकला. थेंब काळानिळा झाला. "लूमवर ताणा तुटू नये म्हणून सुताला काय लावतात?"

"खळ," अर्धा मंडप म्हणाला. टेमघरात हे शिकवावं लागत नाही.

"खळ म्हणजे पिठाची कांजी. तिला लागूनच आयोडीन काळं पडलं. कोऱ्या कापडात ती तशीच असते, धुतल्याशिवाय जात नाही. वरून प्लास्टिक, म्हणजे आतला दमटपणा आतच. बुरशीला जेवण आणि बिछाना दोन्ही मिळालं. यात चमत्कार नाही आणि पापही नाही. मावशीने मायेनंच केलं. पद्धत मालाची वापरली, एवढंच."

भाविकनाथ उठले होते. "आत्म्याचा कोप होईल," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. "पुरचुंडी काढली तर फौजी क्षमा करणार नाही."

पुढे बसलेल्यांनी पालखीपासून अंग मागे घेतलं. खरं सांगतो, मीही थोडा मागे सरलो. रसायन समजलं तरी भीती लगेच जात नाही, ती मागे रेंगाळते. सगळे रंगूबाईकडे बघत होते. कोट तिचा, माणूस तिचा, कोपही तिच्यावरच व्हायचा.

रंगूबाईने कोटाची कॉलर सारखी केली. मग बाबांना म्हणाली, "तुमी त्याला ओळखत न्हाय. भाजीत मीठ जास्ती पडलं तरी तो कदी चिडला न्हाय. एका पुरचुंडीवरून चिडंल?"

आणि तिने खिशात हात घातला. भिजलेलं फडकं काढून मदीहाच्या ताटात टाकलं, पदराने हात पुसला आणि खिसा आतून उलटा करून सगळ्यांना दाखवला.

वीज पडली नाही. समईची ज्योतसुद्धा हलली नाही. भाविकनाथ कधी निघून गेले, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. झुब्बा मात्र राहून गेला. तो मदीहाने शब्द दिल्याप्रमाणे धुऊन मितेशला परत केला, आणि मितेशने तो अंबाडीला पोचवला. तिथल्या शेडचं दार बंद होतं म्हणे, म्हणून कडीला अडकवून आला.

कोटाचं पुढे सांगायला हवं, कारण चमत्कार उघडा पाडून कोट वाचत नाही. मदीहाने मुंबईच्या एका संग्रहालयात जुनी वस्त्रं सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं आम्ही केलं. खिशाभोवती मुरलेला क्षार स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा टिपून काढला, नाहीतर लोकर कधीच सुकली नसती. पिळलं नाही, उन्हात टाकलं नाही. मजीदशेठच्या कारखान्यात सावलीला आडवा पसरून पंखा लावला. बुरशी बाहेर अंगणात, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झाडली. कोरं कापड दोनदा उकळून धुतलं, आयोडीन काळं पडेना तेव्हाच ते वापरलं. घड्यांत त्याच कापडाच्या गुंडाळ्या घातल्या, म्हणजे लोकर एकाच जागी मोडत नाही. प्रत्येक बटणाखाली वेगळा तुकडा. कोटाचा चामडी पट्टा निराळा ठेवला. प्लास्टिक फेकलं. ट्रंक ओल्या भिंतीपासून लांब, विटांवर उचलून ठेवली. कोरडी हवा असेल त्या दिवशी ती उघडायची, कोटाला वारा द्यायचा.

ट्रंकेत ठेवायच्या आधी रंगूबाईने कोट मांडीवर घेतला. खिशावर तळवा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"कोरडा हाय," ती म्हणाली.

"हो मावशी," मदीहा म्हणाली.

"म्हणजे तो रडतच न्हवता."

"नाही गं. कधीच नव्हता."

रंगूबाईने मान हलवली. इतक्या दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. मग ती रडली, आणि ते पाणी कुठून आलं याचा कोणी शोध घेतला नाही.

मी देव मानतो. उद्याही मानेन, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसेन. म्हणूनच माझ्यासारख्या भाविकांना हात जोडून सांगतो. मिठाला पाणी सुटतं यात देवाची काही मानहानी नाही. ते पाणी दाखवून एका बाईला 'तुझा नवरा तुझ्या घरात दुःखी आहे' म्हणणं, हे पाप आहे. तुमचं गेलेलं माणूस तुमच्यावर रुसलंय असं कोणी सांगितलं, तर घाबरण्याआधी विचारा: कशावरून? दुसऱ्या कपड्यावर करून दाखवता का? खिशात काय आहे? खरं असेल ते विचारल्याने विटत नाही. माझ्या देवाने आजवर मला कधी 'हात लावून बघू नकोस' म्हटलेलं नाही. असं म्हणणारा जो कोणी असेल, तो देव नाही, एवढं नक्की समजा.